हृदयाचा ताल आणि गतिकारक यंत्र

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



निमंत्रणपत्रात चिटणीसांनी ‘आपल्या आवडीच्या कोणत्याही विषयावर’ असे लिहिले होते. निवृत्त डॉक्टराला अशी मोकळीक देणे धोक्याचे असते, हे त्यांच्या मागाहून लक्षात आले असावे. कारण परवा दूरध्वनीवर त्यांनी मला हळूच सुचविले की विषय फार शास्त्रीय नसावा, आणि माझ्या भाषणानंतर मुलामुलींचा करमणुकीचा कार्यक्रम आहे हेही ध्यानात ठेवावे. दोन्ही सूचना मला मान्य आहेत. तथापि मी जो विषय निवडला आहे तो माझ्या आवडीचा आहे म्हणून निवडलेला नाही. त्याच्याशी माझ्या घराचा, आणि थोडाफार आपल्या या संस्थेचाही संबंध आहे. तो कसा, ते ओघाने येईलच.

प्रथम हृदयाविषयी. हृदय रक्त ढकलते हे आपण सर्व जाणतो. परंतु त्या स्नायूला आकुंचन पावण्याची आज्ञा कोण देते? मेंदू देतो असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः हृदयाची आज्ञा हृदयातच उत्पन्न होते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, जेथे शरीराच्या वरील भागातील मोठी नीला येऊन मिळते तेथे, विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या दोघांनी १९०७ साली तो दाखवून दिला. हा पुंजका स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसात मिनिटाला ६० ते १०० वेळा एक सूक्ष्म विद्युत्प्रेरणा निर्माण करतो. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाला एक लक्षाहून अधिक होतात. इतके काम विनातक्रार करणारा दुसरा नोकर कोणत्याही घरात मिळावयाचा नाही.

ही प्रेरणा प्रथम वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मग वरचे व खालचे कप्पे जेथे मिळतात तेथील दुसऱ्या एका गाठीशी येऊन क्षणभर थबकते. हे थबकणे सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतके असते. पण त्यावाचून चालत नाही, कारण वरचे कप्पे आपले रक्त खालच्या कप्प्यांत रिते करीपर्यंत खालच्यांनी थांबावयास हवे. ही गाठ सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करीत असता शोधून काढली व १९०६ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथून पुढे तंतूंचा एक जुडगा खाली उतरतो आणि त्याच्या फाट्यांतून प्रेरणा खालच्या दोन्ही कप्प्यांस पोचते. मग ते कप्पे आकुंचन पावतात, आणि आपल्या मनगटावर नाडीचा एक ठोका लागतो.

आता या व्यवस्थेत बिघाड दोन जागी होऊ शकतो. एक तर वरचा पुंजकाच थकतो व प्रेरणा मंद अथवा अनियमित निघू लागते. किंवा प्रेरणा निघते बरोबर, पण मधल्या वाटेवर अडते. या दुसऱ्या प्रकारास हार्ट ब्लॉक म्हणतात. येथे एक घोटाळा निस्तरला पाहिजे. हल्ली घरोघरी ‘ब्लॉकेज’ हा शब्द ऐकू येतो. तो हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत साठलेल्या अडथळ्याविषयी असतो. त्यावर फुगा घालून धमनी रुंद करतात, जाळी बसवितात, किंवा बायपास करतात. मी बोलत आहे तो ब्लॉक विजेच्या वाटेवरचा. घरातील पाण्याचा नळ तुंबणे आणि विजेची तार तुटणे यांत जो भेद, तोच येथे. ‘आमच्या मामांना ब्लॉक होता, त्यांना जाळी घातली, मग काकूंना हे यंत्र का सांगता?’ असा प्रश्न मला माझ्या व्यवसायात शेकडो वेळा विचारला गेला आहे. काही वेळा तर विचारणारा सुशिक्षित असून, काकूंना दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जाण्याची तयारी करून आलेला असे.

वाट पूर्णपणे अडली म्हणजे खालचे कप्पे आपल्यापुरता काही तरी ठेका धरतात. पण तो मिनिटाला वीस ते चाळीस इतका संथ असतो व त्याचा भरवसा नसतो. मध्येच तो काही सेकंद थांबतो. मेंदूस आठ-दहा सेकंद रक्त न मिळाले तर माणूस शुद्ध हरपून पडतो. पडताना चेहरा पांढराफटक होतो, कधी हातापायांना झटकेही येतात. ठोका पुन्हा सुरू झाला की चेहऱ्यावर एकदम लाली येते आणि रोगी डोळे उघडून ‘काय झाले?’ म्हणून विचारतो. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्सने १८२७ साली व विल्यम स्टोक्सने १८४६ साली या झटक्यांचे वर्णन केले, आणि त्या दोघांच्या नावानेच ते ओळखले जातात. हातापायांच्या झटक्यांमुळे पाहणाऱ्यास हे फेफरे वाटते, आणि आमच्या घरात नेमके तेच झाले.

माझी थोरली आत्या, जिला आम्ही सारे आक्का म्हणत असू, बालपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वराच्या बाजूस. घरातील सात मुले तिच्या हाताखाली वाढली; त्यांतील मी एक. साठी जवळ आली तेव्हा ती अधूनमधून पडू लागली. एकदा विहिरीवर, एकदा मांगराच्या दाराशी, एकदा तुळशीपुढे दिवा लावताना. दिव्याने पदर पेटला होता, माझ्या आईने तो हाताने विझविला. गावात बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे बाहेरची बाधा आहे. देवळात गाऱ्हाणे घातले गेले, कौल लावला गेला, नारळ व कोंबडे कबूल झाले. पुढे तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी फेफऱ्याचे निदान करून गोळ्या चालू केल्या. त्या गोळ्या तिने दोन वर्षे घेतल्या. त्यांनी ती दिवसभर गुंगीत असे, आणि पडणे काही थांबले नाही. मी त्या डॉक्टरांस दोष देत नाही. त्यांच्यापाशी कार्डिओग्रामचे यंत्र नव्हते. पण नाडी होती, घड्याळही होते, हे मात्र मला आज म्हणावेसे वाटते.

मी त्या वेळी मुंबईत वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षात होतो. गणपतीच्या सुट्टीत घरी गेलो असता, नवे शिकलेल्याच्या हौसेने, घरातील प्रत्येकाची नाडी मोजू लागलो. आक्काचा हात हाती घेतला. घड्याळाचा काटा पुरा फिरला तेव्हा ठोके झाले होते बत्तीस. मला वाटले मीच चुकलो. पुन्हा मोजले, एकतीस. आक्का हसून म्हणाली, “काय रे बाळ, थांबलंय की काय माझं काळीज?” तो विनोद होता, पण मला हसू आले नाही.

आक्काचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी, या रोगावर उपाय कसा निघाला ते सांगतो. कारण ती कथा ऐकण्यासारखी आहे.

बोस्टनचे डॉ. पॉल झोल यांनी १९५२ साली छातीवर बाहेरून विजेचे धक्के देऊन बंद पडणारे हृदय चालू ठेवून दाखविले. जीव वाचत असे, पण प्रत्येक धक्क्यागणिक छातीचे स्नायू आवळून वेदना होत, कातडी भाजे, आणि रोगी भिंतीवरील विजेच्या खुंटीस बांधला जाई. पुढे मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय हे मुलांच्या हृदयातील जन्मजात छिद्रे शिवू लागले. त्या शस्त्रक्रियेत काही वेळा प्रेरणेची वाट दुखावे. म्हणून ते हृदयाच्या स्नायूलाच एक बारीक तार जोडीत व बाहेर ठेवलेल्या यंत्रातून प्रेरणा देत. हे यंत्रही विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी त्या भागातील वीज गेली. अशा प्रसंगी काय होऊ शकते हे सांगावयास नको. लिलेहाय यांनी रुग्णालयातील उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकन नामक तरुण तंत्रज्ञास, बॅटरीवर चालेल असे काही करता येईल काय, म्हणून विचारले. बाकन याने एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात मेट्रोनोमचा, म्हणजे गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांस लय दाखविणाऱ्या यंत्राचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा आराखडा पाहिलेला होता. तोच फेरफार करून त्याने अंगावर बाळगता येईल अशी पेटी काही आठवड्यांत सिद्ध केली. आपल्याकडील तबलजींना लेहरा धरून देणारा सोबती लागतो. हृदयास असा सोबती प्रथम मिळाला तो संगीताच्या वाटेने, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

परंतु यंत्र शरीराच्या आत बसविण्याचे श्रेय स्वीडनकडे जाते, आणि त्यातही एका गृहिणीकडे. आर्न लार्सन हे त्रेचाळीस वर्षांचे गृहस्थ एका विषाणुसंसर्गानंतर हार्ट ब्लॉकने आजारी पडले. त्यांना दिवसाकाठी वीस-तीस वेळा झटके येत, आणि प्रत्येक वेळी कोणी तरी छातीवर ठोसे मारून त्यांना शुद्धीवर आणावे लागे. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी शल्यविशारद ओके सेनिंग व अभियंते रूने एल्मक्विस्ट यांच्याकडे खेटे घातले. असे यंत्र अद्याप तयार नाही, माणसावर वापरण्याजोगे तर नाहीच, असे उत्तर मिळे. आणि नाही तर तयार करा, हा बाईंचा हेका. अखेर एल्मक्विस्ट यांनी दोन ट्रान्झिस्टर व पुनःपुन्हा भारता येणारी एक लहान बॅटरी यांवर रेझिन ओतून गोळा तयार केला. साचा म्हणून वापरली ती बुटांच्या पॉलिशची डबी! ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळील कॅरोलिन्स्का रुग्णालयात तो लार्सन यांच्या शरीरात बसविण्यात आला. काही तासांतच तो बंद पडला. सुदैवाने जोडीचा दुसरा गोळा तयार होता.

लार्सन यांचे पुढे काय झाले? त्यांना आयुष्यात एकूण २६ यंत्रे बसवावी लागली. पण ते जगले, हिंडले, फिरले, आणि २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, वारले ते हृदयविकाराने नव्हे, कर्करोगाने. त्यांना वाचविणारे एल्मक्विस्ट व सेनिंग हे दोघेही त्यांच्याआधी गेले होते. एल्स-मारी बाईंचे नाव वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. या सभागृहातील भगिनींनी तरी ते लक्षात ठेवावे.

अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच या अभियंत्याचे असेच झाले. हृदयाचे ठोके नोंदणाऱ्या उपकरणात त्याने चुकून भलत्याच मापाचा रोधक जोडला, तेव्हा ते उपकरण नोंद करण्याऐवजी स्वतःच ठोके देऊ लागले. त्या चुकीचे चीज करून त्याने जे यंत्र बनविले, ते १९६० साली बफेलो येथे रोग्यांस बसविले गेले. पुढे लिथियम-आयोडीनची बॅटरी यात आणण्यातही त्याचा मोठा वाटा होता. तिच्यामुळे दोन-तीन वर्षांचे यंत्र पुष्कळ अधिक काळ टिकू लागले.

आजचे यंत्र वीस-तीस ग्रॅम वजनाचे, आगपेटीहून पातळ असते. गळपट्टीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूस, जागा बधिर करून दोन बोटांएवढा छेद घेतात. तेथील नीलेतून एक किंवा दोन तारा क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हृदयात सरकवितात, त्यांची टोके स्नायूत रोवतात, व यंत्र त्वचेखालील कप्प्यात ठेवून टाके घालतात. छाती उघडावी लागत नाही. तास-दोन तासांचे काम. रोगी दोन-तीन दिवसांत घरी जातो. यंत्र अखंड ठोके देत बसत नाही. ते हृदयाचे ऐकत असते, आणि हृदयाने आपणहून ठोका दिला नाही तरच आपला देते. चालताना, जिना चढताना गती वाढवावी एवढे शहाणपणही त्यात घातलेले असते. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे पुरते. ती अचानक संपत नाही, तपासणीत पुष्कळ आधी कळते, आणि मग तारा तशाच ठेवून केवळ यंत्र बदलतात.

अलीकडे तारेवाचून चालणारे, औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढे, दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे यंत्रही निघाले आहे. ते मांडीच्या नीलेतून नेऊन सरळ हृदयातच सोडतात. दुसरी सुधारणा अधिक महत्त्वाची आहे असे मला वाटते. तारेचे टोक स्नायूत कोठेही रोवले की ठोका पडतो खरा, पण खालचे दोन्ही कप्पे एकदम आकुंचन पावत नाहीत आणि काही रोग्यांत कालांतराने हृदय थकते. म्हणून निसर्गाने घालून दिलेल्या तंतूंच्या जुडग्यालाच प्रेरणा द्यावी, ही कल्पना पुढे आली. माणसात अशी कायमची तार प्रथम बसविल्याचा वृत्तान्त अमेरिकेतून २००० साली प्रसिद्ध झाला, आणि त्या लेखाच्या पहिल्या लेखकाचे नाव आहे डॉ. प्रमोद देशमुख. आडनाव ऐकून आपले कान टवकारले, हे मला येथून दिसले!

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. प्रत्येक मंद नाडीस यंत्र लागत नाही. रोज मैलोगणती पळणाऱ्या तरुणाची नाडी पन्नासावर असू शकते व तो ठणठणीत असतो. काही वेळा औषधांमुळे नाडी मंदावते: रक्तदाबाची काही औषधे, आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. डोळ्यांचे थेंब म्हणजे औषध नव्हे, अशा समजुतीने लोक ते डॉक्टरांस सांगतच नाहीत. उलट, एका कार्डिओग्राममध्ये काही दिसले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. माझ्याकडील एका शिक्षिकेचे सासरे स्नानगृहात दोनदा पडले, कार्डिओग्राम निर्दोष. मधुमेहाची घेरी म्हणून सर्वांनी सोडून दिले. बाईंनी मात्र हट्ट धरून चोवीस तासांची होल्टर नोंद करविली. पहाटेच्या नोंदीत हृदय सहा-सहा सेकंद थांबल्याचे निघाले. त्यांना यंत्र बसून आता नऊ वर्षे झाली.

यंत्र बसविल्यानंतर चार-सहा आठवडे तो हात खांद्याच्या वर उचलू नये. मग सर्व कामे करावीत. पुष्कळ घरांत यंत्र बसलेल्या बाईला मिक्सरला हात लावू देत नाहीत. ही भीती निराधार आहे. भ्रमणध्वनी मात्र वरच्या खिशात ठेवू नये. यंत्रापासून वीतभर लांब, विरुद्ध बाजूच्या कानास लावावा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट दूर उभे राहावे. वेल्डिंगच्या कामापासून व मोठ्या लोहचुंबकापासून जपावे. एमआरआय करण्यापूर्वी यंत्राचे कार्ड दाखवावे. ते कार्ड कपाटात न ठेवता पाकिटात ठेवावे. आणि यंत्र बसले म्हणजे हृदयविकाराचा झटका येणार नाही, असे समजून पथ्य सोडू नये. तारेचे काम तार करते, धमन्यांचे काम तिच्याकडे नाही.

आणखी एक शंका वृद्ध मंडळी कानात विचारतात: यंत्र असले तर प्राण सुटत नाही म्हणे, ते खरे काय? खरे नव्हे. यंत्र केवळ आज्ञा देते. ती पाळावयास स्नायू जिवंत हवा. माणूस अंतकाळी जातो तेव्हा यंत्र ठोका देत असले तरी हृदय उत्तर देत नाही. त्याने मरण लांबत नाही व क्लेशही होत नाहीत.

आता आक्काकडे वळतो. मी तिला मुंबईस आणले. एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात कार्डिओग्राम निघाला: पूर्ण हार्ट ब्लॉक. माझ्या प्राध्यापकांनी यंत्र सांगितले. त्या काळी ते परदेशातून येई व त्याची किंमत माझ्या वडिलांच्या दोन वर्षांच्या पगाराहून अधिक होती. आईने पाटल्या काढून दिल्या. काही रक्कम नातेवाइकांकडून जमली. उरलेल्या रकमेसाठी वडिलांनी आपल्या या संस्थेच्या साहाय्य निधीकडे अर्ज केला. निधीच्या नियमांत शिष्यवृत्ती होती, अनाथ-विधवांस मासिक मदत होती; औषधोपचाराची तरतूद नव्हती. अर्ज पुढील मासिक सभेपुढे ठेवण्याचे ठरले. एका सद्गृहस्थांनी वडिलांस खासगीत विचारले की साठीच्या, मूलबाळ नसलेल्या बाईसाठी एवढा खर्च करणे शहाणपणाचे होईल काय. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. ते हिशेबाने बोलत होते, आणि त्या हिशेबात सात मुले वाढविल्याची रक्कम कोठे मांडावयाची हे त्यांस ठाऊक नव्हते. हे आक्काच्या कानांवर गेले. ती रुग्णालयातून हट्टाने गिरगावातील आमच्या खोलीवर आली. मला म्हणाली, “अरे, एवढ्या पैशात दोन पोरांचं शिक्षण होईल.” सभा रविवारी होती. गुरुवारी पहाटे नळाला पाणी आले तेव्हा हंडा भरताना ती पडली, आणि या वेळी उठली नाही. त्या वेळी मी तेथेच, चार पावलांवर झोपलेलो होतो.

ही गोष्ट मी पन्नास वर्षांत कोणत्याही व्यासपीठावर सांगितली नाही. आज सांगितली ती तक्रार म्हणून नव्हे. त्या सभेतील बहुतेक मंडळी आज हयात नाहीत, आणि त्यांनीच उभारलेल्या वसतिगृहात राहून माझे भाऊ शिकले. आज संस्थेचा निधीही मोठा आहे, आणि औषधोपचाराचा नियम पुढे झाला, हे मी जाणतो. शासनाच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हे यंत्र बसविण्याची सोय आहे. तिची चौकशी खर्चाचा आकडा ऐकून खचून जाण्यापूर्वी प्रथम करावी. पण अर्ज मासिक सभेपर्यंत थांबविण्याचा नियम अजून तसाच आहे, हे मी काल नियमावली उघडून पाहिले. पूर्ण ब्लॉक असलेला रोगी पुढच्या रविवारपर्यंत थांबू शकेलच असे नाही. अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने तातडीची रक्कम त्याच दिवशी देता यावी, असा ठराव मी सभासद या नात्याने लेखी दिला आहे. तो दुपारच्या सर्वसाधारण सभेत येईल.

दुसरी विनंती अधिक नाजूक आहे. यंत्र असलेली व्यक्ती निवर्तली, तर अग्निसंस्कारापूर्वी यंत्र काढावेच लागते. उष्णतेने त्यातील बॅटरीचा स्फोट होतो. विद्युत्दाहिनीच्या विटा फुटतात व काम करणाऱ्यांस इजा होऊ शकते. ब्रिटनमध्ये १९७६ सालीच अशी घटना नोंदली गेली आहे. आपल्याकडे दुःखाच्या प्रसंगी कोणास आठवण राहत नाही, किंवा आठवले तरी ‘आता देहास हात लावावयाचा नाही’ म्हणून गप्प राहतात. आणि मग अस्थी वेचताना राखेत धातूचे तुकडे सापडतात. डॉक्टरांस सांगितल्यास बारीक छेद घेऊन पंधरा मिनिटांत यंत्र निघते व टाके घातले जातात. यात देहाची विटंबना होते असे मला वाटत नाही. माझे यंत्र माझ्यानंतर काढावे असे मी मुलास लिहून ठेवले आहे. होय, गेली चार वर्षे मलाही यंत्र आहे. बोलताना मी दमत नाही त्याचे श्रेय आपण त्यालाच द्यावे.

काढलेल्या यंत्राचे काय करावयाचे? पुष्कळदा त्यात कित्येक वर्षांची बॅटरी उरलेली असते. अमेरिकेत अंत्यविधी करणाऱ्या संस्थांकडून नातेवाइकांच्या संमतीने जमविलेली अशी यंत्रे निर्जंतुक करून मुंबईतील होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रोग्यांस बसविण्यात आली. त्याचा वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. कॅनडातील मॉन्ट्रियलहून पाठविलेल्या यंत्रांचा हजाराहून अधिक रोग्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गाचे प्रमाण नव्या यंत्रांच्या मानाने लक्षणीय अधिक आढळले नाही. म्हणजे मुंबईच्या गरिबांस अमेरिकेतील मृतांची यंत्रे मिळाली, आणि आपल्या घरची यंत्रे आपण चितेत घातली किंवा कपाटाच्या खणात जुन्या चष्म्याशेजारी ठेवून दिली. उत्पादक ही यंत्रे एकदाच वापरण्यासाठी म्हणून विकतात, तेव्हा असा पुनर्वापर कोणी घरगुती उत्साहाने करावयाचा नाही. तपासणी, निर्जंतुकीकरण, रोग्याची संमती व प्रचलित नियम हे सर्व सांभाळणाऱ्या रुग्णालयामार्फतच तो व्हावयास हवा. आपल्या संस्थेने एवढेच करावे: ज्या सभासदांस यंत्र आहे त्यांची इच्छा हयातीतच लेखी घेऊन ठेवावी, म्हणजे त्या दिवशी मुलांना कोणास विचारण्याची पाळी येणार नाही. असा साधा नमुना मी छापून आणला आहे. पहिल्या नमुन्यावर माझी सही आहे.

मुलामुली रंगभूषा करून केव्हाच्या विंगेत उभ्या आहेत, तेव्हा आता थांबतो. नमुने दाराजवळ पुस्तकविक्रीच्या टेबलावर ठेवले आहेत. अल्पोपाहाराच्या वेळी मी तेथेच बसणार आहे. कोणास नाडी पाहून घ्यावयाची असल्यास यावे; सेकंदकाट्याचे घड्याळ मी बरोबर आणले आहे.